उन्हानं तापलेल्या माणसाला थंड पाणीच द्या: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

मार्च संपत आला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूरमध्ये उष्णतेची लाट आली आहे, पारा चाळिशीच्या वर गेला की बर्फाचं पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, फक्त कोमट पाणी घोटघोट घ्या, उन्हातून आल्यावर हातपाय लगेच धुऊ नका, आंघोळीआधी अर्धा तास थांबा, असा त्याचा मथितार्थ. सोबत कुणा डॉक्टरच्या मित्राची गोष्ट असते. तो घामाघूम होऊन घरी आला, थंड पाण्यानं पाय धुतले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दवाखान्यात न्यावं लागलं.

हा मेसेज मला धोकादायक वाटतो, कारण तो नेमका त्याच लोकांपर्यंत पोचतो ज्यांना थंड पाण्याची सगळ्यात जास्त गरज आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे घराला लागून टिनाचं शेड टाकून त्यात ग्रिल-गेटचं वेल्डिंग, मोटर रिवाइंडिंग, गाड्यांची दुरुस्ती, फर्निचर अशी कामं करणारी हजारो माणसं आहेत. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. वर तापलेला टिन आणि समोर वेल्डिंगची धग असली की शेडमध्ये काय होतं ते सांगायला नको.

आधी सिंगापूरचं बघू. तिथलं आजवरचं सर्वाधिक नोंदलेलं तापमान ३७ अंश आहे, १९८३ मधलं, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा तेवढंच. सिंगापुरात पारा कधी चाळिशीला पोचलेलाच नाही. पहिल्याच ओळीत ज्याला हे तपासावंसं वाटलं नाही, त्याच्या वैद्यकीय सल्ल्यावर किती भरवसा ठेवायचा?

आता रक्तवाहिन्या फुटण्याचं. गार पाणी पोटात गेलं की जवळच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. पाणी थोड्या वेळात शरीराच्या तापमानाला येतं. फार गार पाणी गटागटा प्यायलं तर कपाळात कळ येते, ती लगेच ओसरते. उलट पाणी गार असलं की तहानलेला माणूस जास्त पितो, आणि शेडमध्ये काम करणाऱ्याला तेच हवं आहे. मात्र थंड पाण्याकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. दहा अंशांचं अर्धा लिटर पाणी शरीरातली साधारण साडेतेरा किलोकॅलरी उष्णता शोषतं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. खरं काम घाम करतो, आणि पाणी लागतं ते त्या घामासाठी. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, मग ते माठातलं असो की फ्रीजमधलं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, रक्तातलं मीठ पातळ होतं. दिवसभर घाम गळत असेल तर मधूनमधून ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक घ्यावं.

कोमट पाण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात गरम पाणी प्यायल्यावर घाम वाढतो आणि तो सगळा वाळला तर शरीरात उष्णता उलट कमी साठते, असं दिसलं. पण त्यासाठी हवा कोरडी आणि वाहती लागते. ठाणे-रत्नागिरीच्या दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही. तिथे कोमट पाण्याचा असा फायदा मिळत नाही.

सगळ्यात घातक आहे तो अर्धा तास थांबायचा सल्ला.

उष्माघातात शरीराचं तापमान चाळिशीच्या वर जातं, माणूस बरळू लागतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. त्या अवस्थेत प्रत्येक मिनिटाला मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांचं नुकसान होत असतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणजे मेसेज जो अर्धा तास थांबायला सांगतो, तोच जीव वाचवायचा अर्धा तास आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फालमाउथ गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे अकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांतल्या २७४ उष्माघाताच्या रुग्णांना जागेवरच बर्फाळ पाण्याच्या टबात बसवण्यात आलं. एकही दगावला नाही. थंड पाण्यानं रक्तवाहिन्या फुटत असत्या तर तिथे काय झालं असतं?

मग डॉक्टरच्या मित्राला अंधारी का आली? उन्हात कष्ट केल्यावर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो. काम थांबवून माणूस नुसता उभा राहिला, वाकला, तरी भोवळ येते. तो पडणारच होता. पाय धुण्याशी त्याचा संबंध एवढाच की ते आधी घडलं.

एक अपवाद खरा आहे. हृदयविकार असलेल्या किंवा म्हाताऱ्या माणसानं एकदम बर्फाच्या पाण्यात उतरू नये, त्या धक्क्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांच्या अंगावर साधं पाणी शिंपडून वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावं.

हा मेसेज सगळं लक्ष ग्लासातल्या पाण्यावर नेतो आणि शेडबद्दल एक शब्द बोलत नाही, याचा मला जास्त राग येतो. टिनावर बाहेरून चुना किंवा पांढरा रंग दिला तर बरंचसं ऊन परत जातं. कूलर बाहेरची हवा ओढेल असा बसवून समोरचं शटर अर्धं उघडं ठेवावं. बंद शेडमध्ये तो काही वेळानं नुसती दमट हवा फिरवतो. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांपर्यंत उतरवतो, म्हणून विदर्भात तो चालतो आणि मुंबईत नाही. नुसता पंखा अशा दुपारी गरम हवाच अंगावर मारतो. बनियन भिजवून पंख्यासमोर बसलं तर गारवा मिळतो, पण वेल्डिंगचा होल्डर हातात असताना हे अजिबात करू नका. ओल्या अंगातून करंट सहज जातो. कूलरमध्ये करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, तेव्हा अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या.

आणि नवा पोरगा कामाला ठेवला असेल तर पहिल्या दिवशी त्याला पाचव्या हिश्श्याएवढंच काम उन्हात द्या, मग रोज थोडं वाढवा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि नव्या माणसाला सर्वाधिक धोका पहिल्या काही दिवसांतच असतो.