बहुमत न मानण्याचा खर्च

महाराष्ट्रातल्या वैचारिक वादांत दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, व्यक्तिस्वातंत्र्य ही पश्चिमेकडून आलेली वस्तू आहे, आपला पिंड समाजाचा. दुसरा म्हणतो, आपल्याकडे माणसाला त्याच्या मनासारखे जगूच देत नाहीत, तिकडे पाहा. नॉर्वेत राहून हे वाद वाचताना दोन्ही पक्षांची चूक एकच आहे असे माझे मत झाले आहे. व्यक्ती म्हणून उभे राहणे हा दोघांनाही स्वभावाचा किंवा संस्कृतीचा गुण वाटतो. जुने साहित्य आणि तत्त्वज्ञान बारकाईने वाचले तर तिथे त्याहून व्यवहारी प्रश्न सापडतो: समाजाने पाठ फिरवली, तेव्हा या माणसाचे घर, पगार आणि मुलांची शाळा कोणाच्या हातात होती?

आयातीचा मुद्दा आधी निकालात काढू. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ हे तुकोबांनी सतराव्या शतकात लिहिले. सत्याचा निवाडा स्वतःच्या मनाच्या साक्षीने करायचा आणि बहुमताला तो अधिकार द्यायचा नाही, ही भूमिका इतक्या थोड्या शब्दांत युरोपातही फार कोणी मांडलेली नाही. ती आपल्याकडे होतीच. त्यामुळे चर्चा पुढे न्यायची तर ती ही भूमिका पेलायला काय लागते इथून सुरू करावी लागेल.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा निबंध 1859चा. आगरकरांच्या पिढीने मिल मन लावून वाचला होता. आपल्याकडे त्यातला एकच भाग सतत उद्धृत होतो: दुसऱ्याला इजा होत नसेल तर व्यक्तीला मोकळीक असावी. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे निरीक्षण दुसऱ्या प्रकरणात आहे. मिल सांगतो की लोकांच्या मर्जीवर ज्यांचे पोट अवलंबून नाही अशी थोडी माणसे सोडली, तर बाकीच्यांवर लोकमताचा अंमल कायद्याइतकाच चालतो. माणसाला भाकरी मिळवण्याच्या साधनांपासून तोडणे आणि त्याला तुरुंगात टाकणे यांत त्याला फरक दिसत नाही. या एका वाक्यामुळे नीतीचा प्रश्न थेट रोजगाराला जोडला जातो.

नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनचे 1882चे ‘लोकशत्रू’ हे नाटक म्हणजे या वाक्याचा तपशीलवार हिशेब आहे. डॉक्टर स्टॉकमन गावातल्या औषधी स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी. चामड्याच्या कारखान्यांची घाण तिथल्या पाण्यात उतरते, हे तो तपासणीने सिद्ध करतो. सुरुवातीला संपादक आणि छपाईवाला दोघेही त्याच्या बाजूचे असतात. नळ नव्याने टाकायला किमान दोन वर्षे स्नानगृहे बंद राहतील आणि खर्च करदात्यांवर पडेल, हे कळताच ते बाजू बदलतात. आपल्याकडे चर्चा चौथ्या अंकातल्या भाषणाची होते, बहुमत कधीच बरोबर नसते या गर्जनेची. मला मात्र पाचवा अंक जास्त शिकवतो. तिथे एकामागून एक बातम्या येतात. स्टॉकमनची नोकरी जाते. घरमालक घर सोडायला सांगतो. मुलगी पेट्रा शिक्षिका असते, तिला शाळेतून काढतात. भाषणासाठी आपले घर देणाऱ्या कप्तान होर्स्टरची जहाजावरची नोकरी जाते. या डॉक्टरला बोलावणार नाही, अशा कागदावर घरमालकांच्या सह्या गोळा होतात. सासरा त्याच्या बायकोसाठी राखलेल्या पैशाने स्नानगृहांचे शेअर घेऊन ठेवतो. म्हणजे डॉक्टर सत्य बोलत राहिला तर बायको-मुलांचाच वारसा बुडेल. आणि घर सोडायला सांगणारा असो वा नोकरीवरून काढणारा, सगळ्यांची सबब एकच: आमचा नाइलाज आहे, लोक काय म्हणतील.

बहिष्कार असाच चालतो. त्यात दुष्ट माणूस शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. प्रत्येक जण आपापली भाकरी सांभाळत दुसऱ्याची काढून घेतो.

हाच हिशेब महाराष्ट्राला लावून पाहा. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, घरच्यांनाही त्याची झळ बसली. पण कर्वे 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते आणि मुरुडचा ठराव पुण्यातल्या पगाराला हात लावू शकत नव्हता. त्यांचे धैर्य मोठे होतेच, पण ते टिकले याला हे एक कारण होते. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव संततिनियमनाचा प्रचार करू लागले तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना 1925 मध्ये सोडावी लागली. 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले, अश्लीलतेचे खटलेही सोसले. वडील आणि मुलगा यांच्या धैर्यात डावे-उजवे करता येणार नाही. फरक पगार देणाऱ्यात होता, आणि त्याचे परिणाम दोघांच्या आयुष्यावर उघड दिसतात.

इब्सेनच्या नोराचे पात्रही आपल्याकडे अर्धेच वाचले जाते. ‘बाहुलीचे घर’ 1879चे. दार लावून बाहेर पडणारी स्त्री सर्वांना आठवते, पण ती रात्री कुठे जाते हे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. ती क्रिस्टीन लिंडेकडे जाते. ही मैत्रीण विधवा आहे आणि नोराच्या नवऱ्याच्या बँकेत तिला नुकतीच नोकरी लागली आहे. म्हणजे बंडाला पहिल्या रात्रीचा निवारा एका कमावत्या बाईने दिला. मुळात नोरा अडचणीत सापडली तीही कायद्यामुळे. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नव्हते, म्हणून 4,800 क्रोनरच्या कर्जरोख्यावर तिने वडिलांची सही स्वतः केली. तारीख घातली 2 ऑक्टोबर, आणि वडील वारले होते 29 सप्टेंबरला. जर्मनीत एका अभिनेत्रीने हा शेवट करायला नकार दिला, तेव्हा इब्सेनला नोरा मुलांकडे पाहून घरातच थांबते असा पर्यायी शेवट लिहून द्यावा लागला. युरोपातल्या प्रेक्षकांनाही ती स्त्री सहज मान्य झाली नव्हती.

त्यानंतरच्या दशकात मुंबईत रखमाबाई लढत होत्या. बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. 1887 मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले, आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. प्रकरण 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन मिटले, पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. त्यांच्यामागे आई होती, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांचे घर होते, मदत समिती होती. नोरा कल्पनेतली, रखमाबाई खऱ्या. तरीही आपल्या अभ्यासक्रमांत नोराची ओळख जास्त असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तिकडे पाहा म्हणणाऱ्यांसाठी. नॉर्वेतला समाज मोकळ्या मनाने कोणालाही स्वीकारतो, हा समज चुकीचा आहे. लेखक आक्सेल सान्देमूसेने 1933च्या कादंबरीत यान्ते नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. पहिलाच म्हणतो, तू कोणी विशेष आहेस असे समजू नकोस. लोक ते नियम आजही आपल्याच समाजाचे वर्णन म्हणून सांगतात. उत्तरेकडच्या मूळनिवासी सामी लोकांची भाषा आणि जीवनपद्धती पुसण्याचे धोरण इथल्या सरकारने पिढ्यान्‌पिढ्या राबवले, त्याबद्दल संसदेने माफी मागितली ती 2024 मध्ये. सोसायटीच्या आवारात वसंतात सामूहिक साफसफाई असते. न येणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहते.

असे असूनही इथे वेगळे जगणे सोपे जाते. कारण मान्यता मिळाली नाही तरी दिवस अडत नाही. उच्च शिक्षणाचे कर्ज 1947 पासून सरकारी निधीतून मिळते आणि आज त्यासाठी आई-वडिलांची मिळकत पाहिली जात नाही. विभक्त राहण्याची अधिकृत परवानगी मिळून एक वर्ष झाले की पती-पत्नींपैकी कोणीही एक जण कारण न सांगता घटस्फोट मागू शकतो. म्हाताऱ्या आई-वडिलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी मुलांवर नाही, काळजी घेण्याच्या सेवा नगरपालिका पुरवते. भारतात 2007च्या कायद्याने ती जबाबदारी मुलांवर आहे. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला कोणाची गरज नाही, त्याच्याकडे कोणी डोकावतही नाही. आजारपणात न बोलावताही धावून येणारे नातेवाईक हे आपल्या समाजाचे खरे धन आहे, आणि समाजाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण तोच नातेवाईक मुलीने जातीबाहेर लग्न केले की यायचा थांबतो.

म्हणून घरच्या वादाला मी एक विनंती करेन: संस्कृतीवर बोलण्याआधी कलमे पाहा. 1954च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या जोडप्याला त्या तीस दिवसांतच गाठले जाते. नॉर्वेत विवाहाची पात्रता कर कार्यालय कागदपत्रांवरून तपासते, नावे भिंतीवर लागत नाहीत. ज्या तरतुदीने रखमाबाईंना न्यायालयात ओढले तिचा वारसा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये अजून आहे: सोडून गेलेल्या जोडीदाराला नांदायला परत ये, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. आज तुरुंग नाही, पण हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. उलट सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016चा कायदा अभिमान वाटावा असा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. तो वापरताना अडचण येते ती साक्षीदाराची, कारण साक्ष देणाऱ्यालाही त्याच गावात दुकान चालवायचे असते. होर्स्टरचे जहाज गेले ते याच कारणाने. साक्षीदाराच्या पोटापाण्याला संरक्षण देणारी तरतूद त्या कायद्यात घालता येईल का, यावर मराठीत वाद झाला तर तो मला मनापासून वाचायला आवडेल.