‘लाखो वर्षांपूर्वी थर्मामीटर कुठे होता?’ या फॉरवर्डला उत्तर

मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. सारांश असा: हवामान नेहमीच बदलत आलंय. थर्मामीटर परवाचा, मग लाखो वर्षांपूर्वीचं तापमान मोजलं कुणी? सिमेंट वाढलं म्हणून पारा चढतो. कार्बन ज्वालामुखी सोडतात. आणि समुद्र वाढतोय म्हणता, तर मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया बुडालं का?

प्रश्न विचारणं चांगलंच. पण या प्रत्येकाचं उत्तर कधीच मिळालेलं आहे, आणि ते न वाचता मेसेज पुढे ढकलला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘तेव्हा मोजलं कुणी?’ बर्फाने. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेला हिम वितळत नाही. थरावर थर साचतात, खालचे दाबले जातात आणि हिमकणांमधली हवा बारीक बुडबुड्यांत अडकून राहते. युरोपीय शास्त्रज्ञांनी तिथल्या ‘डोम सी’ या ठिकाणी तीन किलोमीटरहून खोल खणून बर्फाचा दंडगोल बाहेर काढला. त्यातला सर्वांत जुना बर्फ सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा आहे. प्रयोगशाळेत तो निर्वात पात्रात चुरला की खुद्द त्या काळातली हवा बाहेर येते आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता अडवून धरणारा वायू, थेट मोजता येतो.

तापमान कळतं ते बर्फाच्याच पाण्यातून. काही पाण्यात ऑक्सिजन किंचित जड असतो. असं पाणी ढगातून आधी गळतं. हवा जितकी थंड, तितकं ते वाटेतच जास्त गळून जातं आणि ध्रुवावर कमी पोचतं. म्हणजे जड ऑक्सिजन कमी, तर थंडी कडक.

हे खरं कशावरून? अंटार्क्टिकातल्याच लॉ डोम इथल्या बर्फात विसाव्या शतकातली हवासुद्धा अडकलेली आहे. त्याच दशकांत दक्षिण ध्रुवावर हवा थेटही मोजली जात होती. दोन्ही आकडे ताडून पाहिले, ते जुळले. शिवाय साक्षीदार एकटा बर्फ नाही. समुद्रतळाच्या गाळातले सूक्ष्म शिंपले आहेत, झाडांची वर्तुळं आहेत, गुहेतले चुन्याचे खांब आहेत. मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या अशाच खांबाने सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस घटल्याची खूण जपली. २०१८ साली पृथ्वीच्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं ते त्यामुळे.

‘हवामान नेहमीच बदलतं.’ अगदी मान्य. १८७०च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीखाली खोल चिखलात खैराची झाडं सापडली होती. आज जिथे गोदी आहे तिथे एके काळी रान होतं, म्हणजे निसर्गात बदल होतच आलेत. पण प्रश्न वेगाचा आहे. हिमयुग ओसरताना कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत १८० वरून २६०च्या पुढे जायला हजारो वर्षं लागली. त्या ८ लाख वर्षांत तो ३०० भागांच्या आसपास थांबला, फार पुढे कधी गेला नाही. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ होता. आता ४२०च्या वर आहे. एका माणसाच्या हयातीत!

‘सिमेंटमुळे पारा चढतो.’ शहर तापतं, हे खरं. पण वाढीव उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरते आहे आणि समुद्रात टॉवर नाहीत. आर्गो प्रकल्पाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रं दोन किलोमीटर खोल बुडी मारून तापमान घेतात. तिथेही वाढच दिसते.

‘ज्वालामुखी जास्त सोडतात.’ माणसाच्या तुलनेत एक टक्कासुद्धा नाही. कार्बन-१४ हा कार्बनचा काळानुसार हळूहळू नाहीसा होणारा प्रकार. कोळसा-तेल इतकं जुनं की त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. त्यामुळे त्यांचा धूर हवेत मिसळला की हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण पातळ होतं. ही घट शास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९५०च्या दशकातच दाखवली.

‘गेटवे बुडालं का?’ नाही. पण मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत एकाच दिवसात पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. त्यात काही सेंटिमीटरची वाढ डोळ्यांना दिसणार कशी? त्यासाठी गेटवेच्या शेजारीच, अपोलो बंदरावर, भरतीमापक आहे. त्याच्या नोंदी १८७८पासूनच्या, खुद्द गेटवेपेक्षा जुन्या. वर्षाची सरासरी काढली की चढ दिसतो. जगभराचा हिशेब १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटरचा आहे आणि अलीकडे वेग वाढलाय.

वीतभर पाणी किरकोळ वाटेल. पण साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की आपल्या नाल्यांची अनेक तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, झडपा बंद कराव्या लागतात आणि साचलेलं पाणी पंपांनी उपसावं लागतं. भरती जितकी वर चढेल, तितका वेळ त्या झडपा बंद राहतील आणि तितका वेळ दादरच्या सखल हिंदमाता भागात पाणी तुंबून राहील.