अर्जेंटिना लांब आहे म्हणून सोडून द्यायचा का?

तुमची कमेंट नीट वाचली. मुद्दा असा की अर्जेंटिना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान तिकडे गेले तरी फोटोंपलीकडे काय मिळालं, त्यापेक्षा जवळच्या देशांशी व्यापार वाढवा, आणि व्यापार शेवटी कंपन्या करतात तर दूतावासाचं काम काय. फोटोंचं सोडा, मलाही कंटाळा येतो. पण काय मिळतं? सोयातेल. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यातल्या सोयातेलाचा सगळ्यात मोठा पुरवठादार बहुतेक वर्षी अर्जेंटिनाच असतो.

आणि जवळच्यांचं म्हणाल तर २०२२ आठवा, आधी युक्रेन युद्धामुळे काळ्या समुद्रातलं सूर्यफूल तेल अडकलं, मग एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, टिकली तीन-चार आठवडेच पण बाजार हादरला. अर्जेंटिनावाले काही संत नाहीत हां, त्यांनीही त्याच मार्चमध्ये सोयातेलावरचा निर्यातकर ३१ वरून ३३ टक्के केला. म्हणूनच तर चार दारं उघडी ठेवायची. अंतराची गंमत अशी की अर्जेंटिनातल्या रोसारिओ बंदराकडून पाराना नदीने निघालेलं जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून येतं, सुएझची भानगडच नाही, त्यामुळे २०२३ च्या शेवटी सुएझच्या वाटेवरच्या लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा हा लांबचा रस्ता बिनघोर होता.

दूतावासाचं म्हणाल तर लिथियम बघा. तिथे खनिजं केंद्राची नाहीत, प्रांतांची. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारी 'काबिल' कंपनीने लिथियम शोधायच्या पाच ब्लॉकचा, म्हणजे जमिनीच्या पट्ट्यांचा, करार केला तो कातामार्का प्रांताच्या कंपनीशी. लिथियम हाती यायला वेळ लागेल, पण तिथल्या प्रांतात कोणाचं दार वाजवायचं हे दिल्लीत बसून कसं कळणार? ब्युनोस आयर्सला आपलं व्यापार कार्यालय १९४३ मध्येच उघडलं होतं, दूतावास १९४९ चा, ओळखी अशाच होतात.

झोडायचंच असेल तर मर्कोसूरशी, म्हणजे अर्जेंटिनासकट दक्षिण अमेरिकी देशांच्या व्यापारगटाशी, आपण केलेल्या कराराला झोडा ना. सह्या २००४ च्या, लागू झाला २००९ ला, त्यात दोन्हीकडून साडेचारशेच्या आसपास वस्तू, आणि बऱ्याच वस्तूंवर सवलत आयात ड्युटीच्या १० नाहीतर २० टक्के, म्हणजे १० टक्के ड्युटी असेल तर ९ किंवा ८ भरा! एकट्या अर्जेंटिनाशी ड्युटीचं बोलावं तर तेही नाही, ब्राझील, उरुग्वे, पॅराग्वे सगळ्यांना राजी करा. यावर लिहिलं असतंत तर मी खाली नुसतं 'सहमत' टाकून मोकळा झालो असतो.