‘ॲक्रिलिकचा टब म्हणजे चकचकीत प्लास्टिक’: या मेसेजमधला एकेक दावा तपासून बघू

घरात बाथटब बसवायचं ठरलं की कुणी ना कुणी तो मेसेज पाठवतंच. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. ॲक्रिलिकचा टब म्हणजे चकचकीत प्लास्टिक. तो दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो, कढत पाण्यानं वाकतो, वजनानं तडकतो, ओरखडा पडला की कायमचा खराब होतो, त्यात जंतू साठतात आणि पाणी पटकन थंड होतं. शेवटी सल्ला असतो: ओतीव लोखंडाचा टब घ्या. ते जमत नसेल तर ॲक्रिलिक सगळ्यात जाड बघा, टब मावेल तेवढा मोठा घ्या, वॉरंटी लांबची असली की निश्चिंत राहा.

हा मेसेज दोन्हीकडून नुकसान करतो. काही जण तो वाचून चांगली वस्तू नाकारतात. काही जण दुकानात जाऊन ‘शीट किती एमएमची?’ एवढंच विचारतात आणि मागून पोकळ असलेला टब घरी आणतात. टब किती वर्षं टिकणार हे त्याच्या चकाकीवरून कळत नाही. शीटच्या मागे काय आहे आणि टबाखाली आधार कसा दिलाय, यावर ते ठरतं. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षरही नाही.

‘ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच.’ हो, प्लास्टिकच. रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३० च्या दशकात ते प्लेक्सिग्लास आणि पर्स्पेक्स या नावांनी बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरची पारदर्शक छतं त्याचीच होती. तेव्हा प्लास्टिक आहे म्हणून तकलादू, हा तर्क चालत नाही. खरी अडचण वेगळी आहे: ‘ॲक्रिलिक टब’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली कास्ट, म्हणजे ओतून घडवलेल्या, ॲक्रिलिकच्या अखंड शीटची. दुसरीत खाली एबीएस प्लास्टिक आणि वर ॲक्रिलिकचा पातळ थर असतो, दोन्ही एकत्र काढलेले. तिसरीत ॲक्रिलिकची शीट नसतेच. साच्यात जेलकोटचा, म्हणजे रंगीत पॉलिएस्टरच्या थराचा, फवारा आणि त्यामागे फायबर, म्हणजे काचेचे तंतू. युरोपीय मानकांतही पहिल्या दोघांना वेगळं धरलंय. कास्ट शीटच्या टबांसाठी ईएन १९८ आहे, तर एबीएस-ॲक्रिलिकच्या जोडशीटसाठी ईएन १३५५९.

यांतला फरक कापलेल्या कडेवर दिसतो. वेस्टचं, म्हणजे पाणी बाहेर जायचं, भोक किंवा काठाची खालची बाजू निरखून बघा. कास्ट शीटमध्ये वरचा रंग काही मिलिमीटरपर्यंत एकसारखा आत जातो आणि मग फायबर सुरू होतं. जोडशीटमध्ये वरच्या पातळ थराखाली वेगळ्या छटेचं प्लास्टिक दिसतं. जेलकोटच्या टबात रंगाचा नुसता पापुद्रा असतो. तिन्ही वस्तू वापरता येतात, पण एका भावात तोलू नयेत. यापैकी नेमकं काय देताय, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या.

‘दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो.’ ऊन आणि अतिनील किरण सोसण्यात ॲक्रिलिक बऱ्याच प्लास्टिकांपेक्षा सरस आहे, म्हणून तर उघड्यावरच्या पाट्यांना ते वापरतात. पिवळं पडतं ते बहुधा एबीएस किंवा जेलकोटमधलं पॉलिएस्टर. शिवाय पुष्कळदा टब पिवळा झालेलाच नसतो; त्यावर पाण्यातल्या लोहाचा आणि क्षारांचा थर बसलेला असतो. पातळ केलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून मऊ फडक्यानं पुसा. डाग निघाला तर दोष पाण्याचा होता.

‘कढत पाण्यानं वाकतो.’ ॲक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. गिझरचं पाणी सहसा ६० अंशांच्या जवळपास असतं आणि आंघोळीचं ३८ ते ४०. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत गंभीर भाजतं, म्हणजे काळजी टबाआधी माणसाची करायची. आधी थंड पाणी सोडावं, मग गरम. ही सवय दोघांच्याही फायद्याची. उकळतं पाणी थेट टबात ओतू नका आणि काठावर मेणबत्ती ठेवू नका. ॲक्रिलिक जळतं. मेसेजमध्ये ही एक खरीखुरी सूचना द्यायला हवी होती, ती मात्र नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा आरोप: ‘वजनानं तडकतो.’ तडकतात, हे खरं. पण का तडकतात?

ॲक्रिलिक कडक असतं, फार ताणलं जात नाही. नुसत्या शीटवर माणूस उभा राहिला तर ती लवणार आणि पुन्हा पुन्हा लवून कधीतरी चिरणार. म्हणूनच शीटच्या मागे रेझिन (वाळून कडक होणारी राळ) आणि फायबरचे थर देतात, तळाखाली फळी घालून तीही रेझिननं झाकतात आणि हे सगळं फ्रेमवर किंवा पायांवर बसवतात. भार पेलायचं काम या मागच्या भागाचं. तिथे काटकसर झाली की तळ दाबला जातो आणि चीर सहसा वेस्टजवळ किंवा तळाच्या कोपऱ्यात उमटते.

तेव्हा दुकानात चपला काढून टबात उतरा. लाजू नका, वस्तू तुम्ही घेताय. तळाच्या मध्यावर, मग वेस्टजवळ, टाचेवर पूर्ण भार द्या. तळ खाली गेला किंवा करकरला तर तो टब सोडून द्या. मग टब उलटा करून दाखवायला सांगा. फायबर सगळीकडे रेझिनमध्ये नीट भिजलेलं असावं. कोरडे पांढरे तंतू सुटलेले दिसत असतील तर काम घाईचं आहे. तळाची फळी चारी बाजूंनी बंद हवी, उघड्या कडेतून ओल शिरली की ती फुगते. अंधाऱ्या जागी आतून टॉर्च धरून मागून बघितलं तर थर कुठे जाड, कुठे विरळ तेही कळतं.

चांगला टबसुद्धा वाईट बसवला तर तडकतो, आणि माझ्या मते अर्धी भांडणं इथलीच असतात. गवंडी घाईत टबाखाली चार विटा सरकवतो, वर वाळू लोटतो आणि काठ भिंतीत चिणून टाकतो. विटेचा कोपरा तळाला एकाच जागी टोचत राहतो, वाळू ओल लागून बसते, मग सगळा भार काठावर लटकतो. काठ त्यासाठी केलेलाच नसतो. पाय पक्क्या जमिनीवर हवेत, प्रत्येक पाय भार घेणारा हवा, लांबी आणि रुंदी दोन्हीकडे पाणसळ लावून बघायला हवी आणि भिंतीच्या बाजूला काठाखाली पट्टी किंवा ब्रॅकेट हवेत. तळाखाली सिमेंटच्या मसाल्याची गादी द्यायची की नाही, हे टबाबरोबरच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं. काही उत्पादक ती द्यायला सांगतात, काही मनाई करतात. फुगणारा फोम भरायचा असेल तर टबात आधी पाणी भरून ठेवा, नाहीतर फोम अख्खा टब वर उचलतो.

भिंतीच्या सांध्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गळती तिथूनच सुरू होते. ॲक्रिलिक एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. १.७ मीटरच्या टबात ३० अंशांचा फरक पडला तर हिशेबानं साडेतीन मिलिमीटर होतात. मागचं फायबर त्यातलं बरंच अडवून धरतं, तरी हालचाल उरतेच. वर पाण्याच्या भारानं काठ किंचित खाली जातो तो वेगळा. या सांध्यात सिमेंट किंवा ग्राउट भरलं तर ते फुटणारच. तिथे लवचीक सॅनिटरी सिलिकॉन हवं आणि ते भरताना टब जवळजवळ भरलेला हवा. सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत, साधारण २४ तास, पाणी तसंच राहू द्या. रिकाम्या टबाला भरलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताणलं जातं. चीर केसाएवढी असली तरी पाणी आत जातं आणि महिनोन्‌महिने कळत नाही.

‘घ्यायचाच तर सगळ्यात जाड शीटचा.’ ही शीट तापवून, मऊ करून, हवा खेचून साच्यावर बसवतात. जिथे ती जास्त ताणली जाते तिथे पातळ होते. माहितीपत्रकातले पाच मिलिमीटर हे बहुधा साच्यात जाण्याआधीच्या सपाट शीटचे असतात. तळाच्या कोपऱ्यात त्यातले निम्मे किंवा त्याहूनही कमी उरू शकतात. टब जितका खोल, तितका ताण जास्त. त्यामुळे जाड शीटचा खोल टब कोपऱ्यात पातळ शीटच्या उथळ टबापेक्षाही पातळ असू शकतो. आणि नुसता गिलावा जाड केल्यानं भिंत भक्कम होत नाही. जाडी विचारायचीच तर ‘तयार टबाच्या तळाला, फायबर धरून किती?’ असं विचारा.

‘ओरखडा पडला की कायमचा खराब झाला.’ लोखंडी टबावर इनॅमलचा काचेसारखा लेप असतो, त्यापेक्षा ॲक्रिलिक मऊ आहे, ओरखडे लवकर पडतात, यात वाद नाही. ‘कायमचा’ हे चूक. कास्ट शीटमध्ये रंग आरपार असतो, त्यामुळे उथळ ओरखडा १२०० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासला आणि पॉलिश केला की दिसेनासा होतो. जोडशीटवर मात्र हात आखडता घ्या, वरचा थर पातळ असतो. उलट लोखंडी टबाचं इनॅमल टवकलं की खालचं लोखंड उघडं पडून गंजतं आणि घरच्या घरी ते पहिल्यासारखं करता येत नाही.

ॲक्रिलिकला खरी भीती रसायनांची. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांनी पृष्ठभाग विरघळतो किंवा त्यावर बारीक जाळीदार चिरा पडतात. रंगारी काठावर उडालेला रंग थिनरच्या बोळ्यानं पुसतो आणि नवा टब त्याच दिवशी बिघडतो. घासायची पावडर आणि तारेचा चोथाही नको. बाथरूमचं सगळं काम संपेपर्यंत वरची प्लास्टिकची फिल्म तशीच राहू द्या, वर जाड पुठ्ठा घाला आणि टबात उभं राहून कुणालाही टाइल कापू देऊ नका.

जंतूंचा मुद्दा लवकर संपतो. ॲक्रिलिक सच्छिद्र नसतं. जंतू वाढतात ते साबणाच्या आणि तेलाच्या बुळबुळीत थरात, मग टब कशाचाही असो. पाण्याचे फवारे मारणाऱ्या टबाच्या नळ्यांत पाणी साचून राहतं, तिथे मात्र खरंच लक्ष द्यावं लागतं. नळ्या पूर्ण रिकाम्या होतील असा आणि धुता येईल असाच टब घ्या, किंवा ती सोय घेऊच नका. रोज वापरणार नसाल तर ती सोय न घेणंच मी सुचवेन.

‘पाणी पटकन थंड होतं.’ इथे आकडेच बोलतात. लोखंड ॲक्रिलिकपेक्षा दोनशे पटींहून अधिक वेगानं उष्णता वाहून नेतं. समजा १३० किलोचा लोखंडी टब २० अंशांवर आहे आणि त्यात ४० अंशांचं १५० लिटर पाणी भरलं. टब तापवण्यातच पाणी सुमारे पावणेदोन अंश उतरतं. तापल्यावर तो ती ऊब काही काळ धरून ठेवतो, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. ॲक्रिलिक पहिल्या स्पर्शाला गार लागत नाही. पण ‘ॲक्रिलिकमध्ये पाणी तासन्‌तास गरम राहतं’ हा विक्रेत्यांचा दावाही मानू नका. भरलेल्या टबातली उष्णता मोठ्या प्रमाणावर वरच्या उघड्या पाण्यातून, वाफेवाटे जाते, आणि तिथे टब कशाचा आहे यानं काही फरक पडत नाही.

‘मावेल तेवढा मोठा घ्या.’ हा सल्ला मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो. १७० सेंटिमीटर ही बाहेरची लांबी असते. पाठीच्या उताराचा भाग वजा केला की आतला तळ त्याहून बराच आखूड निघतो. म्हणून टबात बसून बघा. पाठ टेकते का, पाय समोर टेकतात का? फार लांब टबात बुटकी व्यक्ती पाण्याखाली घसरत राहते. खोली मोजायची ती तळापासून ओव्हरफ्लोपर्यंत, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वरच्या भोकापर्यंत, कारण पाणी त्याच्या वर जातच नाही. काठ उंच असेल तर म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना आत-बाहेर करणं अवघड होतं, म्हणून तळाला खडबडीत नक्षी आणि हाताशी पक्का दांडा हवा. दांडा भिंतीत बसवा. ॲक्रिलिकला मनानं भोक पाडू नका.

मग गिझर. ६० अंशांचं आणि २० अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ४० अंश होतं. म्हणजे १५० लिटरच्या आंघोळीला ७५ लिटर कढत पाणी एकदम लागतं. छोट्या गिझरवर मोठा टब कोमटच भरणार. वजनाचाही हिशेब करा: पाणी लिटरला एक किलो, त्यात माणूस आणि टब. ॲक्रिलिकचा टब साधारण २५ ते ४० किलोंचा, ओतीव लोखंडाचा शंभरच्या पुढे, दीडशेपर्यंतही जातो. जुन्या लाकडी मजल्यावर किंवा अरुंद जिन्यातून वर न्यायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. तळमजला आहे, जमीन भक्कम आहे, बजेट आहे आणि टब चाळीस वर्षं हलवायचा नाही, तर लोखंडी टब जरूर घ्या. तो सुंदर असतो. फक्त ॲक्रिलिकबद्दलच्या भीतीपोटी घेऊ नका.

राहिली वॉरंटी. तिच्यावरच्या वर्षांच्या आकड्याआधी खालचा बारीक मजकूर वाचा. हमी बहुतेक वेळा शीटची आणि मागच्या फायबरची असते. सूचनापत्राप्रमाणे आधार दिला नसेल, काठाला भोक पाडलं असेल किंवा चुकीचं रसायन वापरलं असेल तर ती लागू होत नाही. टबाखालचे पाय आणि पाइपांचे सांधे यांचे फोटो टबाच्या बाजूचं झाकण (पॅनल) लावण्यापूर्वी काढून ठेवा, सूचनापत्र बिलाला टाचून ठेवा. टब ओव्हरफ्लोपर्यंत भरून, पाणी एकदम सोडून, खाली एकही थेंब येत नाही ना ते स्वतः बघा. आणि पॅनल टाइल लावून कायमचं बंद करू देऊ नका. ट्रॅपपर्यंत (वेस्टखालच्या वाकड्या पाइपपर्यंत) हात पोहोचेल एवढं उघडणारं दार ठेवायला लावा, नाहीतर पाच मिनिटांच्या दुरुस्तीसाठी टाइल फोडाव्या लागतील.