मे महिन्यात दुपारी नको, सकाळीच उतरा

गुलमर्गच्या अफरवट शिखरावर मे महिन्यात दुपारी स्कीइंग करा, हा लेखातला सल्ला कृपया बदला. रात्री गोठलेला बर्फ सकाळच्या उन्हाने वरून मऊ होतो. वर खवलेल्या ओल्या नारळासारखा २-३ सेंटिमीटरचा थर आणि खाली घट्ट, तेवढ्या वेळातच उतरायचं. पूर्वेकडचा उतार आधी मऊ होतो. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की ३० अंशांपुढच्या उतारावरून ओला बर्फ सुटून हिमस्खलन होऊ शकतं. रात्रभर ढग असतील तर बर्फ नीट गोठतच नाही, त्या दिवशी जाऊच नका. पहाटेच्या टणक बर्फावर चढायला क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी काटे) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) हवीच, पाय सुटला तर स्वतःला अडवायला दुसरं काही नसतं. आणि आपल्या दापोली-गुहागरच्या, समुद्रकाठच्या मंडळींनी आधी गुलमर्गलाच, सुमारे २,६५० मीटरवर, उंचीची सवय व्हायला २ रात्री काढाव्यात.