खांदे उडवता न येणारा माणूस

आमच्या संसारात २७ वर्षं मी खांद्यांनी बोललो. "गॅसचा नंबर लावलात का?" खांदे वर. "आत्याबाईंना फोन का नाही केलात?" खांदे वर. 'नाही', 'विसरलो', 'मला काय माहीत' आणि 'मी कशाला मध्ये पडू' ही चारही उत्तरं त्या एका हालचालीत बसतात, शिवाय पुढे कुणाला आपल्याला शब्दात पकडता येत नाही. ही सगळी सोय बोटाएवढ्या जाडीच्या एका हाडावर चालली होती, हे मला या जुलैत कळलं.

सकाळी सहाला दूध आणायला उतरलो होतो. दोन्ही हातांत दोन-दोन पिशव्या, जिन्याखालच्या फरशीवर पावसाचं शेवाळ. शहाणा माणूस पडताना हात टेकतो. मी दूध वाचवलं आणि उजवा खांदा टेकला. कट् असा आवाज आला. पिशव्या चारही शाबूत.

डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "क्लॅव्हिकल." आई म्हणाली, "म्हणजे हासळी, गळ्याखालचं आडवं हाड." लॅटिनमध्ये क्लॅव्हिकलचा अर्थ छोटी किल्ली. आमच्याकडे लहान मुलांच्या गळ्यातल्या दागिन्यालाही हासळीच म्हणतात. माझी मधोमध मोडली होती. बहुतेकांची तिथेच मोडते म्हणे, कारण हे हाड इंग्रजी 'एस'सारखं वळलेलं आणि नेमकं मध्ये बारीक. आतला तुकडा मानेच्या स्नायूनं वर ओढला होता, बाहेरचा हाताच्या वजनानं खाली लोंबत होता. फोटोत ते एका घरातल्या दोन भावांसारखे दिसत होते. ऑपरेशन नको, ६ आठवडे हात गळ्यात बांधा, एवढ्यावर सुटका झाली.

पुतणी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती भेटायला आली ती काकाला नव्हे, हाडाला. बऱ्या बाजूच्या हाडावर तिनं छातीपासून खांद्यापर्यंत बोट फिरवलं. "काका, धडाच्या सांगाड्याला अख्खा हात हाडानं जोडलेला आहे तो फक्त इथे. मागचा फरा, म्हणजे पाठीवरचं पसरट हाड, नुसता स्नायूंवर तरंगतो. हा टेकू खांदा बाहेर धरून ठेवतो म्हणून हात मोकळा फिरतो. शिवाय हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा याच्याच आडोशानं जातात." गर्भात हाडं धरायला लागतात तेव्हा सुरुवात याच्यापासून होते आणि आतलं टोक पूर्ण जुळायला पंचविशी उजाडते, हेही तिनंच सांगितलं. माझं लग्न सव्विसाव्या वर्षी झालं. म्हणजे तयारी अगदी वेळेवर झाली होती. घोड्याला हे हाड नसतंच. त्याला खांदे उडवता येत नाहीत, म्हणून तर लोक त्याच्यावर बसतात.

आणि माझ्यावर बसले. "पडलात कसे?" या प्रश्नाला मी सवयीनं खांदे उचलायला गेलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात बायकोच्या लक्षात आलं. रोज सकाळी पायजम्याची नाडी तीच बांधायची. ती हातात धरून ती विचारी, "२००९ साली मित्राला दिलेले पैसे परत आले का?" नाडी सुटलेली असताना माणूस कुठे जाणार? मी शब्दांत उत्तरं दिली. पूर्ण वाक्यांत, क्रियापदासकट.

बाकीचे हाल सांगण्यासारखे नाहीत. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हा क्रम चुकला की शेजारी विचारायला येत. रात्री उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. शिंक आली की घरातले सगळे माझ्याकडे बघत थांबायचे.

सहा आठवड्यांनी नवा फोटो निघाला. तुकड्यांभोवती हाडाची नवी गाठ धरली होती. ती हाताला लागते, तशीच लागत राहील असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, "सांगितलेले व्यायाम रोज केलेत ना?"

काही कळायच्या आत दोन्ही खांदे वर गेले.

"दुखलं?"

"अजिबात नाही!"

डॉक्टरांनी समाधानानं कागदावर काहीतरी लिहिलं. मागून बायकोचा आवाज आला, "डॉक्टर, अजून पंधरा दिवस बांधून ठेवला तर चालेल का हो?"