उन्हाचं तिकीट

सोलापुरात पार्क चौकात चहा सांगितला अन् पिंट्यानं काडी टाकली. "पार्क स्टेडियमात उघड्या पायऱ्या ठेवायच्याच कशाला बे? छप्पर टाका, नंबरच्या खुर्च्या लावा."

"अन् तिकीट तुझा सासरा काढणार?" आण्णा उसळले. "2024 च्या जानेवारीत पार्कवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी झाली, तेव्हा ऊन गोड लागलं की."

"जानेवारीत लागंल. एप्रिलात बसा, बूड भाजतंय. अन् उघडं म्हणजे स्वस्त, हे कुणी सांगितलं? पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमला बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. तिथल्या वनडेचं तिकीट काय फुकट मिळतंय?"

आण्णांना हे झोंबलं. खरं होतं ना.

गुरुजी म्हणाले, अमेरिकेत असल्या उघड्या बाकांना 'ब्लीचर्स' म्हणतात. ऊन खाऊन फळ्या पांढऱ्याफटक पडायच्या, त्यावरून. स्पेनात माणूस-बैलाच्या झुंजीला तर उन्हाचं तिकीट स्वस्त, सावलीचं महाग. सुरुवातीला ऊन अन् नंतर सावली येते, त्या जागांचा दर मधला.

"बघा! तिथं उन्हाचे पैसे कापतात तरी," पिंट्या म्हणाला.

माझं दुखणं वेगळंच. मला छपरापेक्षा त्या नंबराची भीती वाटते. शाळेत असताना टेनिस बॉलच्या मॅचेस बघायला आम्ही पश्चिमेच्या पायऱ्या धरायचो. दुपारी सावली फक्त वरच्या दोन पायऱ्यांवर, मागच्या भिंतीची. तिथं चेंगराचेंगरी. मग सूर्य कलला की सावली खाली सरकायची, अन् तिच्याबरोबर आमचा घोळकाही पायरी पायरी उतरायचा, बुडाखालची 'संचार' पेपरची घडी हातात घेऊन. चार-साडेचारला आम्ही थेट बाउंड्रीजवळ, फिल्डरला हाका मारत. समोर पूर्वेला बसलेले मात्र डोळ्यांवर हात धरून. ऊन तोंडावर ना त्यांच्या. नंबरची खुर्ची आली की हे सरकणं संपलं. जिथं ठोकलाय तिथं बस.

"तुझं ठीकय," पिंट्याचा आवाज जरा उतरला. "माझ्या बापाला गुडघ्यानं पायरी चढवत नाही. पाठ टेकायला पाहिजे त्यांना. का त्यांनी मॅच बघूच नये?"

यावर मला बोलता येईना. पश्चिमेला खालच्या दोन रांगा पाठीच्या करा, एवढं पुटपुटलो. पण तिथं सावली यायलाच चार वाजतात, हे मीच आत्ता सांगितलं होतं.

"चादर न्यायची सोबत," आण्णा म्हणाले. "सोलापुरी. चार घड्या घातल्या की गादी."

"पाठीला लावू का बुडाखाली घालू?"

आण्णांनी चहाचे पैसे दिले.